पुलावरून कळलं
(वाचकांचे प्रश्न, उत्तरं आंजर्ल्याहून)

गेल्या अंकात च्वांगत्झूवर लिहिलं तेव्हा वाटलं होतं, २३०० वर्षांपूर्वीच्या चिनी माणसाबद्दल कोण विचारतंय. पत्रं आली, आणि बरीच आली. पाच घेतो. बाकीच्यांनी रागावू नये. त्यातल्या दोघांनी तर माझ्या शुद्धलेखनाच्या चुकाच काढल्यात, आणि त्या बरोबर आहेत.

तो अंक ज्यांच्या हाती लागला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. च्वांग चौ हा ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला माणूस. च्वांगत्झू म्हणजे 'च्वांग गुरुजी'. लाओत्झूच्या बरोबरीनं ताओ (म्हणजे 'वाट') विचारात याचं नाव घेतात. त्याच्या नावावरच्या ग्रंथाची आज ३३ प्रकरणं आहेत, ती या रूपात लावली क्वो श्यांगनं, जो इ. स. ३१२ मध्ये वारला. पहिली सात त्याची स्वतःची, पुढची शिष्य-प्रशिष्यांची, असं साधारण मानतात.

प्रश्न : कशाचीच खात्री देता येत नाही, असं जर च्वांगत्झू म्हणत असेल, तर ही गोष्ट तरी तो खात्रीनं कशी सांगतो? हा स्वतःच्याच पायावर धोंडा नाही का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, चिपळूण)

आहे. आणि हा धोंडा त्याला तुझ्याआधी दिसला होता. दुसऱ्या प्रकरणात वांग नी नावाच्या गुरूला शिष्य विचारतो, सगळ्या प्राणिमात्रांना जे एकमुखानं बरोबर वाटेल असं काही तुम्हांला ठाऊक आहे का? वांग नी म्हणतो, मला कसं ठाऊक असणार? बरं, आपल्याला ते ठाऊक नाही, हे तरी ठाऊक आहे? मला कसं ठाऊक असणार? म्हणजे कुणालाच काही कळत नाही म्हणायचं? पुन्हा तेच, मला कसं ठाऊक असणार! तू ज्या खड्ड्यात त्याला पकडायला बघतेस, त्याच्या काठानं तो तीनदा चालून जातो, पडत नाही. आणि मग म्हणतो, तरी पण काहीतरी बोलून बघतो. माणूस ओलीत झोपला तर कंबर धरते, चिखलातल्या माशाचं तसं होतं का? (आपल्या खाडीतली निवटी आठव.) माणूस झाडाच्या शेंड्यावर थरथरतो, माकडाचं तसं होतं का? मग या तिघांतल्या कुणाला राहायची बरोबर जागा कळली?

उत्तर तो देत नाही. तुझ्या हातातली मोजपट्टी कुणाच्या मापानं कापलेली आहे, एवढंच दाखवतो.

पण मला या सगळ्यात जास्त आवडते ती सतराव्या प्रकरणातली माशांची गोष्ट. च्वांगत्झू आणि त्याचा मित्र ह्वे श हाओ नदीवरच्या पुलावर हिंडतायत. ह्वे श पक्का तर्कशास्त्री, शब्दात पकडणारा. च्वांगत्झू म्हणतो, मासे बघ कसे मजेत फिरतायत, हेच माशांचं सुख. ह्वे श म्हणतो, तू मासा नाहीस, माशांचं सुख तुला कुठून कळणार? च्वांगत्झू म्हणतो, तू मी नाहीस, मला कळत नाही हे तुला कुठून कळणार? ह्वे शला वाटतं, सापडला. तो म्हणतो, कबूल, मी तू नाही म्हणून तुझं मला कळत नाही. तसाच तू मासा नाहीस, म्हणून माशांचं तुला कळत नाही. झालं!

तर्कात ह्वे श जिंकला, यात मला शंका नाही. वर्गात मी वीसएक वर्षं हेच सांगत आलो, आणि च्वांगत्झूचं शेवटचं वाक्य ही शब्दांची चलाखी म्हणून सोडून देत आलो. ते वाक्य असं : तू मला विचारलंस 'कुठून कळलं', म्हणजे मला कळलंय हे धरूनच विचारलंस. मला ते इथून, हाओवरून कळलं.

मूळ चिनीत 'आन' असा शब्द आहे. त्याचा अर्थ 'कसं' असाही होतो आणि 'कुठून' असाही. इंग्रजी भाषांतरं वाचताना इथे तळटीप लागते. आणि मी इतकी वर्षं इंग्रजीतून वाचत होतो, हा माझा गाढवपणा, कारण मराठीत तळटीप लागतच नाही. 'तुला रे कुठून कळणार?' असं आपण रोज म्हणतो, ते काही पत्ता विचारायला नव्हे. आणि एखादा खट्याळ पोरगा 'पुलावरून' असं उत्तर देतोच.

आमच्या खाडीवर पूल आहे. तो व्हायच्या आधी पाजपंढरीकडून तरीनं यावं लागे. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी मी त्या पुलावर उभा असतो. भरतीच्या पाण्यात बोयी उड्या मारतात. का मारतात? कुणी म्हणतं मोठा मासा पाठी लागतो, कुणी म्हणतं पाण्यात हवा कमी पडते, एक शेजारी ठामपणे सांगतो की त्या खेळतात. मला माहीत नाही. पण कठड्याला टेकून अर्धा तास बघितल्यावर घाबरून मारलेली उडी आणि नुसती मारलेली उडी यांत फरक दिसायला लागतो. हा फरक मला ह्वे शपुढे सिद्ध करता येणार नाही. खुर्चीत बसून तो दिसलाही नसता. च्वांगत्झूचा दावा एवढाच आहे असं मला आता वाटतं : अमुक ठिकाणी उभं राहून, अमुक वेळेला, एवढं दिसलं. सगळ्या माशांबद्दल सदासर्वकाळ काही म्हणायला गेलीस, तर मात्र ह्वे शच्या जाळ्यात.

प्रश्न : हे सगळं आपल्याकडे आधीच नव्हतं का? जैनांचा स्याद्वाद काय वेगळं सांगतो? (निवृत्त बँक अधिकारी, कणकवली)

'आपल्याकडे आधीच होतं' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं, पण या वेळी तुमचं निम्मं बरोबर आहे. शंका आपल्याकडे जुनी. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचा शेवटच असा की ही सृष्टी कुठून आली ते वरचा तो अध्यक्षच जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल. बुद्धाच्या काळी संजय बेलट्ठिपुत्त होता, कुठल्याच प्रश्नाला हो नाही, नाही नाही. बौद्धांनी अशांना चिडून 'अमराविक्खेप' म्हटलं, म्हणजे हातातून सुळकन निसटणाऱ्या माशासारखे. ज्यानं जिवंत वाम हातात धरून बघितलीय त्याला ही शिवी लगेच कळेल.

स्याद्वादाची गोष्ट वेगळी. तो प्रत्येक बाजूला तिच्यापुरतं खरं म्हणतो आणि सगळ्या बाजू मांडून ठेवतो. च्वांगत्झूला असा नीट हिशेब मानवला नसता.

च्वांगत्झूचा जवळचा नातेवाईक मला आपला जुना संशयवादी तत्त्वज्ञ जयराशी भट्ट वाटतो. 'तत्त्वोपप्लवसिंह' या ग्रंथात त्यानं प्रत्यक्ष, अनुमान, सगळी प्रमाणं (म्हणजे ज्ञान मिळवायची साधनं) एकेक करून उलथवली. हा ग्रंथ पाटणच्या एका ताडपत्री पोथीतून हाती आला आणि १९४० मध्ये बडोद्याला छापला गेला. शेवटी जयराशी म्हणतो, तत्त्वं अशी सगळी उलथल्यावर रोजचे व्यवहार 'अविचारितरमणीय' होऊन चालू राहतात. फार खोलात शिरलं नाही तोवर छान! हा शब्द च्वांगत्झूनं उसना घेतला असता. पण पुढं ते रोजचे व्यवहार म्हणजे काय, कोण सुतार, कोण नावाडी, कोण खाटीक, हे जयराशी सांगत नाही. तिथून पुढं चिनी माणसाकडेच जावं लागतं.

प्रश्न : तुमचा तो बैल कापणारा खाटीक गुरू कसा होऊ शकतो? आणि १९ वर्षं सुरीला धार लावावी लागली नाही ही निव्वळ थाप वाटते. (एक वाचक, गुहागर)

खाटकाचं गुरुपद आपल्याला नवं नाही. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध मांसाच्या दुकानात बसतो आणि कौशिक ब्राह्मण त्याच्याकडे शिकायला जातो. फरक बघा. धर्मव्याध धर्मावर बोलतो, आईबापांच्या सेवेवर बोलतो. मांस कसं कापायचं यावर अवाक्षर काढत नाही. च्वांगत्झूच्या तिसऱ्या प्रकरणातला खाटीक डिंग फक्त मांस कसं कापायचं तेवढंच बोलतो, आणि ऐकणारा राजा म्हणतो, जीव कसा जपायचा ते मला आज कळलं.

डिंगचं म्हणणं : साधा खाटीक महिन्याला सुरी बदलतो, कारण तो तोडतो. चांगला वर्षाला बदलतो, कारण तो कापतो. माझी १९ वर्षांची आहे, हजारो बैल झाले, अजून सहाणेवरून उचलल्यासारखी. सांध्यांमध्ये फट असते, पात्याला जाडी नसते, जाडी नसलेली वस्तू फटीत घातली तर जागाच जागा.

ही थाप आहे का, हे विचारायला मी हर्णैच्या बंदरावर गेलो. तिथं लिलाव उरकल्यावर एक बाई गिऱ्हाइकांना मासे कापून देते. तिचं वय साठीच्या आसपास, हातात कोयता, पुढ्यात चिंचेचा ओंडका. त्या दिवशी पाचेक किलोची सुरमई होती. डोकं एका घावात. मग तिनं पोटाकडून कोयता असा घातला की आवाजच आला नाही. तुकडे पडायला लागले, बोलणंही चालू, शेजारणीशी भांडणही चालू. मधल्या काट्यावर प्रत्येक वेळी 'टक' असा एकच आवाज. मी डिंगची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मास्तर, धार मी रोज लावते. तुमचा तो खोटं बोलतोय." झालं, गुहागरकर, तुम्ही जिंकलात.

पण पुढं एक झालं. शेपटीकडे येता येता तिचं बोलणं थांबलं. काट्यात काहीतरी अडकलं होतं, जुना गळ असावा, मांस त्याच्याभोवती घट्ट झालेलं. तिनं कोयता उचलला नाही. अंगठ्यानं दाबून बघितलं, मासा थोडा फिरवला, पातं तिरकं धरून इंच इंच आत घातलं. शेजारीण काहीतरी म्हणाली, तिला ऐकूच गेलं नाही. तुकडा सुटला तेव्हा तिनं कोयता बाजूला ठेवून पदराला हात पुसले आणि एकदा इकडंतिकडं बघितलं. मग भांडण पुन्हा सुरू.

घरी येऊन मी प्रकरण उघडलं. मला 'फटीत जागाच जागा' एवढंच पाठ होतं, वर्गातही तेच रंगवून सांगायचो : सहज, निर्हेतुक, वाहत्या पाण्यासारखं. डिंग पुढं काय म्हणतो ते माझ्या टिपणांत नव्हतंच. तो म्हणतो, तरीही गुंता आला की मला दिसतं, हे अवघड आहे. मी जपतो, नजर तिथेच ठरते, हात मंदावतो, सुरी अगदी बारीकशी हलवतो. एकदम सगळं सुटतं, ढेकूळ जमिनीवर फुटावं तसं. मग सुरी हातात धरून उभा राहतो, चहूकडे बघतो, सुरी पुसून ठेवतो.

अभ्यासकांचा एक जुना वाद आहे. दुसऱ्या प्रकरणात च्वांगत्झू म्हणतो, कुणाचंच बरोबर ठरवता येत नाही. मग तिसऱ्यात अमुक एकाचं काम उत्तम असं तो कसा म्हणतो? मला तो वाद त्या ओंडक्यापाशी मिटल्यासारखा वाटला. १९ वर्षांनंतरही गुंत्यापाशी 'मला येतं' हे विसरणारा हात, शंका इथे आहे. डोक्यात मी ती तीस वर्षं शोधत होतो.

एक पुरवणी. कसब म्हणजे सद्गुण नव्हे. याच ग्रंथात दहाव्या प्रकरणात चोरांचाही ताओ असतो असं म्हटलंय, आणि तिथला दरोडेखोर तो तुमच्यामाझ्यापेक्षा नीट पाळतो.

प्रश्न : मुलगा २९ वर्षांचा. पुण्यातली नोकरी सोडून घरी आलाय. दिवसभर खाडीवर गळ टाकून बसतो आणि 'निरुपयोगी झाडच टिकतं' हे तुमच्या लेखातलं वाक्य मला ऐकवतो. मी शिक्षिका होते, स्वस्थ बसवत नाही. त्याला काय सांगू? (एक आई, रत्नागिरी)

ताई, आधी माफी. माझ्या लेखाचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

त्याला सांगायला एक गोष्ट देतो. विसाव्या प्रकरणात च्वांगत्झू डोंगरात एक झाड बघतो. लाकूड कामाचं नाही म्हणून लाकूडतोड्यांनी सोडलेलं. शिष्यांना म्हणतो, बघा, निरुपयोगी म्हणून जगलं. रात्री मित्राकडे मुक्काम. मित्र खूश, पोराला सांगतो हंस काप. पोरगा विचारतो, दोन आहेत, एक ओरडतो, एक ओरडत नाही, कुठला? जो ओरडत नाही तो. म्हणजे निरुपयोगी तो मेला! दुसऱ्या दिवशी शिष्य विचारतात, गुरुजी, झाड की हंस? तो हसतो आणि म्हणतो, मी उपयोगी आणि निरुपयोगी यांच्या मध्ये राहीन म्हणतो. पण तेही बरोबर वाटतं तेवढं बरोबर नाही. चिरंजीवांनी झाड वाचलं, हंस वाचायचा राहिला. आणि हेही सांगा, की इतिहासकार स्समा छ्येनच्या नोंदीप्रमाणे च्वांगत्झू रोगणाच्या झाडांच्या बागेत छोटा अधिकारी होता. नोकरी करत होता!

आता तुम्हांला. ही गोष्ट सांगायला मला लाज वाटते. काही वर्षांपूर्वी जुलैतल्या वादळात खोल समुद्रावरचा एक मोठा पांढरा पक्षी भरकटून आमच्या पुळणीवर येऊन पडला. पंख धड, पण उठता येत नव्हतं. मी त्याला घरी आणलं. एका सत्कारात मिळालेली शाल पांघरली. पडवीत दिवा लावला, दूधभात कालवून पुढ्यात ठेवला, खाईना म्हणून चोच उघडून घातला. वाडीतली पोरं बघायला आली, त्यांना मी पक्ष्यांच्या स्थलांतरावर दहा मिनिटं बोललोसुद्धा. बायको म्हणाली, "अहो, त्याला जरा सोडा." दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. वनखात्याचा माणूस आला, त्यानं शांतपणे सांगितलं : अंधारं खोकं, शांतता, खायला काही नाही, आणि आम्हांला फोन. एवढंच करायचं होतं.

अठराव्या प्रकरणात लू राज्याच्या राजाची गोष्ट आहे. समुद्रपक्षी येऊन उतरला म्हणून त्यानं त्याला कुलदेवळात नेलं, मद्य दिलं, दरबारी संगीत वाजवलं, बैल, मेंढा, डुक्कर कापून जेवण घातलं. पक्षी भांबावला, एक घास खाल्ला नाही, तीन दिवसांत मेला. राजानं स्वतःला जे मानवतं त्यानं पक्षी पोसला. (गंमत म्हणजे ही गोष्ट तिथं कन्फ्यूशियस सांगतो, ज्याची हा ग्रंथ एरवी टर उडवतो.) ही गोष्ट मी दरवर्षी शिकवायचो, ताई. राजाला तीन दिवस लागले, मला एक रात्र.

मुलाला घरी बसणंच मानवतंय असं मी म्हणत नाही. मला रत्नागिरीत बसून ते कळणार नाही, आंजर्ल्यात बसून तर नाहीच. तो का आला ते तुमच्या पत्रात नाही. त्यानं सांगितलं नाही, की तुम्ही विचारलं नाही? एखाद्या संध्याकाळी त्याच्या शेजारी खाडीवर जाऊन बसा. भरतीची वेळ काढायची तर तिथीची पाऊणपट करा, अष्टमीला सहा वाजता. नोकरीचा विषय काढू नका. मासा लागला तर तो घरी आणून कालवण करा, तेवढं जमेलच.

प्रश्न : गेल्या अंकात तुम्ही तुमच्या कुंपणातल्या काजऱ्याला 'काडीच्या उपयोगाचं नसलेलं झाड' म्हटलंत. काजऱ्याच्या बिया म्हणजे कुचला. शुद्ध करून औषधात वापरतात, त्याला भाव आहे. लाकडाला वाळवीही सहसा लागत नाही. तत्त्वज्ञान सांगताना झाडं तरी नीट ओळखावीत. (वैद्य, वेंगुर्ले)

चूक मान्य, वैद्यबुवा. बिया विषारी, गुरं तोंड लावत नाहीत, लाकूड कडू, एवढ्यावर मी निकाल दिला. आणि निकाल देऊ नये यावरच तो लेख होता.

त्यात सुतार श याची गोष्ट होती. देवळापाशी अवाढव्य झाड, हजारो गुरं सावलीत बसतील एवढं. सुतार वळून बघत नाही : होडी केली तर बुडेल, शवपेटी केली तर कुजेल. रात्री झाड स्वप्नात येऊन त्याला झापतं, निरुपयोगी व्हायला मला किती वर्षं लागली, ठाऊक आहे? सकाळी शिष्य विचारतो, निरुपयोगीच व्हायचं होतं तर देवळाचं झाड होऊन कशाला बसलं? सुतार म्हणतो, गप्प, बोलू नकोस.

तुमचं पत्र मी घरात मोठ्यानं वाचलं नाही. २०२०च्या जूनमधल्या निसर्ग वादळात आमच्या पोफळी, नारळ, दोन हापूस आडवे झाले, काजरा उभा राहिला. आता त्याला वाडीच्या केबलवाल्यानं वायर बांधलीय, आणि शेजाऱ्यांची म्हैस त्याच्याच बुंध्याला असते. कुचल्याचा भाव काय आहे तो कृपा करून पुढच्या पत्रात लिहू नका.